चार मिनिटं उरली की लव्हॉन उठते

मेथडिस्ट चर्चच्या पार्किंगमध्ये गुरुवारी सकाळी साडेसहाला बस उभी होती आणि बसच्या दारात वेंडल फ्रॉक हातात यादी घेऊन उभा होता. यादीत एक्केचाळीस नावं होती. ती सगळी त्याला पाठ होती, आणि त्या नावांची माणसं थंडीत पाय आपटत त्याच्यासमोरच उभी होती, तरी नाव पुकारल्याशिवाय तो कुणाला चढू देत नव्हता. वेंडलने तीस वर्षं गावच्या पाणीखात्यात मीटर वाचले होते. प्रत्यक्ष वाचल्याशिवाय कुठलीही गोष्ट मान्य करणं त्याला बेकायदा वाटे.

"लव्हॉन रिगल."

"मी इथेच आहे, वेंडल. तुझ्या पायावर उभी आहे."

"हजर म्हण."

"हजर."

वेंडलने खूण केली, पण दारातून बाजूला झाला नाही. "मी काहीतरी ऐकलं," तो खालच्या आवाजात म्हणाला.

"चांगलं ऐकलं असशील."

"आपण बसमध्ये बोलू," असं म्हणून त्याने वाट दिली. त्याचा चेहरा मीटर उलटा फिरताना पाहिल्यासारखा झाला होता.

यंदा बास्केटबॉलच्या दहा कॉलेजांच्या गटात गावचं टिलमन कॉलेज नववं आलं होतं आणि सेंट ओडिलो आठवं. मोसम संपला की या गटाची स्पर्धा इंडियानापोलिसला भरते. तिचा नियम असा, की तळाच्या चौघांनी गुरुवारी आपसांत खेळून दोघांना घरी पाठवायचं, आणि उरलेल्या दोघांनी शुक्रवारी वरच्यांकडून मार खायचा. आज दुपारी बाराला टिलमन आणि सेंट ओडिलो यांच्यात जो जिंकेल त्याची गाठ शुक्रवारी पहिल्या क्रमांकाच्या संघाशी होती. या संघाने जानेवारीत टिलमनला चौतीस गुणांनी हरवलं होतं आणि शेवटची सहा मिनिटं त्यांचा प्रशिक्षक पाय पसरून बसला होता. म्हणजे बक्षीस काय आहे याबद्दल कुणाच्या मनात भ्रम नव्हता. तरी गावात आठ दिवस दुसरा विषय नव्हता, कारण समोर सेंट ओडिलो होतं.

सेंट ओडिलो नदीपलीकडे बावीस मैलांवर आहे. तिकडचे लोक कॅथलिक आहेत, पिवळे शर्ट घालतात आणि मका लावतात. इकडचे मेथडिस्ट आहेत, जांभळे शर्ट घालतात आणि मकाच लावतात. दोन्ही गावांना मिळून एक दातांचा डॉक्टर आहे. तो बारा महिने राखाडी कपड्यांत असतो आणि बास्केटबॉल आपल्याला कळत नाही असं सांगतो. तोंडात त्याचं यंत्र असताना कुणी त्याला उलट विचारत नाही.

बसमध्ये एक शब्द वर्ज्य होता: 'उद्या'. स्पर्धेच्या पहिल्या दिवशी दुसऱ्या दिवसाचं नाव काढायचं नाही, कपड्यांचा जास्तीचा जोड घ्यायचा नाही, हॉटेलात खोली तर मुळीच ठेवायची नाही, असा टिलमनवाल्यांचा जुना कायदा. २००९ साली एका जोडप्याने शुक्रवारसाठी खोली घेऊन ठेवली होती. टिलमन एकवीस गुणांनी हरलं. ते जोडपं पुढे फ्लोरिडाला राहायला गेलं. ते गुडघेदुखीमुळे गेलं, पण गावात तसं मानत नाहीत.

लव्हॉन रिगल बहात्तर वर्षांची. जन्म गावाबाहेरच्या शेतावर, लग्न दुधाचा टँकर चालवणाऱ्या मर्ल रिगलशी, नोकरी एकतीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात. मर्ल जाऊन नऊ वर्षं झाली. एवढ्यात तिचं चरित्र संपलं असतं. पण १९८८ सालच्या फेब्रुवारीत तिने सामन्याआधी तीन कप कॉफी घेतली.

त्या दिवशी टिलमनच्या मैदानावर सेंट ओडिलो अकरा गुणांनी पुढे होतं. चार मिनिटं उरली. तेव्हा टीव्हीच्या जाहिरातींसाठी खेळ थांबतो, तसा थांबला, आणि लव्हॉन उठून बाहेर गेली. बायकांच्या स्वच्छतागृहापुढे रांग होती. ती परत आली तेव्हा लोक एकमेकांच्या अंगावर पडून रडत होते आणि टिलमन एका गुणाने जिंकलं होतं. मागच्या रांगेतल्या एकाने तिच्याकडे जरा वेळ पाहिलं आणि विचारलं, "बाई, तुम्ही कधी उठलात?"

पुढच्या वर्षी चार मिनिटं उरल्यावर त्याच माणसाने तिचा कोट तिच्या हातात दिला. लव्हॉनला कुठे जायचं नव्हतं. पण तीनशे माणसं तिच्याकडे पाहत होती, आणि ती शाळेत वाढपी होती. समोर रांग लागली की हलायचं, एवढं तिला कळत होतं. ती गेली. टिलमन जिंकलं. मग तो रिवाजच झाला. कॉलेजने तिची जागा बदलून पाचव्या रांगेत कडेची दिली, म्हणजे निघताना कुणाचे गुडघे आड येणार नाहीत. पुढे कुण्या वादकाला सुचलं आणि ती पायऱ्या चढू लागली की ट्रॉम्बोनवर चार सूर वाजू लागले. लोक टाळ्या वाजवत. लव्हॉन हात करून निघून जाई. हे फक्त सेंट ओडिलोविरुद्ध. इतर सामन्यांत तिने शेवटपर्यंत बसायला कुणाची हरकत नव्हती, तिचा परिणाम तेवढा नव्हता.

म्हणजे सदतीस वर्षांत लव्हॉनने सेंट ओडिलोविरुद्धचा एकही शेवट पाहिला नव्हता. २००३ साली टिलमनच्या एका पोराने अर्ध्या मैदानावरून चेंडू फेकून सामना जिंकला. त्या क्षणी आपण कुठे उभे होतो हे गावात प्रत्येकाला सांगता येतं. लव्हॉनलाही येतं. ती मोहरीच्या चटणीची पुडी दातांनी फाडत होती. घरी जाताना गाडीत तिने मर्लला विचारलं, "कसा गेला रे चेंडू?" मर्लने दोन मैल विचार केला आणि म्हणाला, "आत."

त्या १९८८ पासून आजवर सत्त्याहत्तर सामने झाले होते. एकोणचाळीस जिंकले, अडतीस हरले. हा आकडा लव्हॉनला माहीत होता, कारण तिने स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरांवर खुणा केल्या होत्या. इतर कुणाला तो माहीत नव्हता आणि कुणी विचारतही नव्हतं. यंदाचे दोन्ही सामने टिलमन हरलं होतं. दोन्ही वेळा ती वेळेवर उठली होती.

तर मंगळवारी केस कापायला गेल्यावर तिने आपल्या शेजारच्या खुर्चीतल्या नॅडीनला सांगितलं, "मी परवा उठणार नाही." नॅडीन तिची पन्नास वर्षांची मैत्रीण. तिने शपथ घेतली की हे कुणालाही सांगणार नाही. बुधवारी दुपारी बेकरीवाल्याने लव्हॉनला पावाबरोबर काळजीयुक्त चेहरा दिला, तेव्हाच तिला काय ते समजलं.

बस महामार्गाला लागली. वेंडल पुढे उभा राहिला आणि दांडा धरून म्हणाला, "लव्हॉन, आता सांग. का?"

"कोल्टरसाठी," ती म्हणाली.

कोल्टर मीक्स म्हणजे गावातलाच पोरगा, टिलमनचा चौथ्या, म्हणजे शेवटच्या वर्षाचा खेळाडू. बाकावरून उठून शेवटच्या चार मिनिटांत येणारा. त्याचे फ्री थ्रो चुकत नाहीत. अडचणीच्या वेळी समोरच्याने धक्का दिला, की रेषेवर एकट्याने उभं राहून दोनदा चेंडू आत घालायचा, एवढंच प्रशिक्षकाला त्याच्याकडून हवं असे. पहिली-दुसरीत असताना हा मुलगा शाळेत काही खात नसे. बटाट्याच्या लगद्यावर चिकन आणि नूडल्स घातले, तर तेवढेच खाई. लव्हॉन त्याला एक डाव जास्त घाली. पुढे तो सहा फूट पाच इंच झाला. त्यातले निदान चार इंच आपले, असं तिचं मत होतं आणि कोल्टरच्या आईनेही ते कधी खोडलं नव्हतं.

"आज त्याचा शेवटचा सामना," लव्हॉन म्हणाली. "त्याची शेवटची चार मिनिटं. मी बाहेर उभी राहून काय बघू? भिंत?"

"शेवटचा कशावरून?" मागून कुणीतरी म्हणालं.

"जिंकलो तर..." दुसरं कुणीतरी म्हणालं, आणि शेजारच्याने त्याला कोपर मारलं.

"लव्हॉन," वेंडल म्हणाला, "हे तुझं एकटीचं नाही. बसमध्ये एक्केचाळीस माणसं आहेत."

"दोन्ही वेळा गेले ना यंदा? दोन्ही वेळा हरलो."

"जानेवारीत तू बुटाची नाडी बांधायला थांबलीस. मी घड्याळ लावलं होतं. अकरा सेकंद."

"आणि फेब्रुवारीत?"

"फेब्रुवारीत तू मागे वळून पाहिलंस."

मागच्या बाकावरचे पाद्रीबुवा उठले. ते म्हणाले, की हा सगळा अंधविश्वास आहे, देव बास्केटबॉलच्या शेवटच्या चार मिनिटांत लक्ष घालत नाही, आणि लव्हॉनने खुशाल बसावं. मग नॅडीन म्हणाली, "बुवा, मोजे दाखवा."

पाद्रीबुवांनी पाय आत घेतले. ते मोजे १९९६ चे होते.

"तू तर बोलूच नकोस, नॅडीन," लव्हॉन म्हणाली. "तुझ्या तोंडात एक दिवस काही राहिलं असतं तर हा सगळा खटला उभाच राहिला नसता."

"मी फक्त माझ्या बहिणीला सांगितलं."

"तुझी बहीण बेकरीत काम करते."

"मग मी काय करू, तिला नोकरी सोडायला लावू?"

तासाभराने बस रस्त्यावरच्या जेवणघरापाशी थांबली. तिथे पिवळ्यांची बस आधीच उभी होती. आत शिरताच एका पिवळ्या टोपीवाल्या म्हाताऱ्याने लव्हॉनला ओळखलं. नदीपलीकडे तिला सगळे ओळखतात; पिढ्यान्‌पिढ्या शत्रुत्व असलं की एवढी ओळख होतेच.

"लव्हॉन! ऐकलं ते खरं का? आज बसणार म्हणे?"

बातमी नदी ओलांडून गेली होती. लव्हॉनने नॅडीनकडे पाहिलं. नॅडीन मेनू वाचू लागली.

"बस गं," म्हातारा म्हणाला. "अगदी आरामात बस. पॉपकॉर्न आमच्याकडून. उशी हवी का? ए, हिला आपली उशी द्या रे कुणी!"

पिवळ्यांची सगळी टेबलं हसली. एकाने खरंच उशी वर केली. जांभळ्यांपैकी कुणी हसलं नाही. वेंडलने अंड्यात काटा रोवला आणि लव्हॉनकडे न पाहता म्हणाला, "मला आणखी काही सांगायचं नाही. शत्रूला काय हवंय ते तू पाहिलंस."

लव्हॉनने अंडी संपवली, टोस्ट संपवला. तिची भूक कशाने जात नसे. पण बसमध्ये परत बसल्यावर ती खिडकीतून बाहेर पाहत राहिली. मार्चमधली शेतं नांगरून ठेवलेली, ओली, काळी. ती काही कुणाचं वाईट चिंतत नव्हती. तिला फक्त एकदा आत बसायचं होतं. सत्त्याहत्तर वेळा बाहेर उभं राहिल्यावर माणसाला एवढं मागता यावं, असं तिला वाटत होतं. त्याच वेळी हेही वाटत होतं, की ती बसली आणि टिलमन हरलं, तर पुढचं वर्षभर प्रत्येक पावाबरोबर तो चेहरा मिळेल. आणि पोराच्या शेवटच्या दिवसावर आपलं नाव लागेल. पहिल्यापेक्षा दुसऱ्याची भीती जास्त होती.

साडेदहाला संघ मैदानाच्या मागच्या दाराने येतो. तेव्हा गाववाले दोन्ही बाजूंना उभे राहून त्यांना आत सोडतात. खेळाडू कानांत काहीतरी घालून, खाली बघत जातात. कोल्टर मात्र थांबला. त्याने कानातलं काढलं आणि कमरेत वाकला. लव्हॉनशी बोलायचं तर त्याला तेवढं वाकावं लागे.

"मिस लव्हॉन," तो शाळेतल्याच सवयीने म्हणाला, "तुम्ही बसणार आहात म्हणे?"

"तुलाही कळलं का? हे काय रेडिओवर सांगतायत?"

"बेकरीतून आईला कळलं." त्याने कानातलं खिशात टाकलं. "खरं आहे का पण?"

"तुझ्यासाठीच बसणार आहे रे. तुझी शेवटची चार मिनिटं मला बघायची आहेत."

"माझ्यासाठी असेल तर जा ना."

लव्हॉनने वर पाहिलं. मागे उभा असलेला वेंडल श्वास घ्यायचा थांबला.

"म्हणजे बघा," कोल्टर म्हणाला, आणि त्याचे कान लाल झाले. "कोच मला कधी आत घालतात ते मला आधी कळत नाही. पण ट्रॉम्बोन वाजला की मी वरचा शर्ट काढायला लागतो. चार वर्षं. तुम्ही पायऱ्या चढताना दिसता, आणि मला कळतं की आता आपली पाळी. तुम्ही बसून राहिलात तर मी शर्ट कधी काढू?"

"कोच सांगतील की."

"सांगतील. पण हात गार पडतील माझे."

तो आणखी वाकला आणि हळू आवाजात म्हणाला, "आणि आज जिंकलो तर उद्या आहे ना."

आजूबाजूच्या दहा-बारा माणसांनी तो शब्द ऐकला. पाद्रीबुवांनी डोळे मिटले. पण खेळाडूला कोण काय बोलणार?

"उद्या आपण पहिल्या नंबरशी," कोल्टर म्हणाला. "तिथे काही होणार नाही. पंचवीस-तीसने हरू. कोच आम्हा शेवटच्या वर्षाच्या सगळ्यांना आत सोडतील, भरपूर वेळ. त्यांच्याविरुद्ध तुमच्या बसण्याचं कुणाला काही नाही. माझी खरी शेवटची चार मिनिटं ती. ती बघा."

लव्हॉनने त्यावर विचार केला. शेवटची चार मिनिटं पाहायची तर आज जिंकायला हवं; आज जिंकायचं तर तिने जायला हवं; म्हणजे आत बसायचं तर बाहेर जायला हवं. इतका सरळ हिशोब बसमध्ये एक्केचाळीस जणांपैकी एकालाही सुचला नव्हता.

"जेवलास का?" तिने विचारलं.

"हो."

"काय?"

"नूडल्स."

"जा मग," ती म्हणाली.

तो गेला. वेंडलने श्वास सोडला. "बुटाच्या नाड्या आत्ताच बांधून घे," तो म्हणाला. लव्हॉनने पाय पुढे केला, आणि पाणीखात्याचा निवृत्त मीटरवाचक एक गुडघा जमिनीला टेकून तिच्या नाड्या दुहेरी गाठीने बांधू लागला.

सामन्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. आठवा आणि नववा संघ खेळत होते आणि ते दिसत होतं. दोन्हीकडून चेंडू हातातून निसटत होता. चाळीसातली छत्तीस मिनिटं झाली तेव्हा टिलमन तीन गुणांनी मागे होतं. खेळ थांबला. लव्हॉन उठली. कोट तिने आधीच घातला होता. ट्रॉम्बोनवर चार सूर वाजले, जांभळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि पिवळ्यांच्या बाजूने एकच आवाज आला, "अगं, उशी राहिली!" तिने मागे वळून पाहिलं नाही. पण पायऱ्यांच्या वळणावर कडेच्या काचेत तिला बाक दिसला, आणि बाकावर एक उंच मुलगा डोक्यावरून शर्ट काढताना दिसला.

बाहेरच्या लांबलचक मोकळ्या जागेत पॉपकॉर्न विकणारी बाई आपली पेटी पुसत होती. दारावरचा पोरगेला रखवालदार नवा होता.

"मॅडम, मॅच संपलेली नाही अजून."

"म्हणून तर मी बाहेर आहे."

त्याने याचा काय अर्थ घ्यायचा ते त्याच्यावर सोडून लव्हॉन खांबाला टेकून उभी राहिली. इतक्या वर्षांत तिला शेवट कानांनी वाचता येऊ लागला होता. दोन्हीकडून आवाज आला तर चेंडू हवेत. एकाच बाजूने ओरडा आला तर कुणाचा तरी फ्री थ्रो: समोरच्याचा नेम चुकावा म्हणून शत्रू ओरडतात आणि आपले श्वास धरून गप्प बसतात.

बराच वेळ दोन्हीकडून आवाज येत राहिला. मग तो थांबला. मग फक्त डावीकडून, पिवळ्यांच्या बाजूने, शिट्ट्या, आरोळ्या, पायांचा धडधडाट. उजवी बाजू पूर्ण गप्प. लव्हॉनने कोटाच्या खिशात हात घातले. डावी बाजू अचानक बंद पडली आणि उजवीकडून छोटा, आखडता हुंकार आला. एक. पुन्हा डावीकडून धडधडाट, त्याहून जोरात. पुन्हा तो बंद पडला. दोन.

"नूडल्स," ती म्हणाली.

"काय म्हणालात?" रखवालदाराने विचारलं.

"काही नाही. किती वेळ राहिलाय?"

त्याने दाराच्या फटीतून डोकावलं. "नऊ सेकंद. सांगू का स्कोअर?"

"नको. पहिला कोण बाहेर येतो ते बघते. हरलेले आधी निघतात."

नऊ सेकंदांना बरीच मिनिटं लागली, कारण दोन्ही प्रशिक्षक दर दोन सेकंदांनी खेळ थांबवत होते. मग आत एक मोठा आवाज झाला, दोन्हीकडचा मिसळलेला, ज्यातून काहीच कळत नाही असा. दार उघडलं. पहिला माणूस बाहेर आला, टोपी हातात धरून, कुणाकडे न बघता. टोपी पिवळी होती. त्याच्यामागे उशी घेतलेला माणूस. त्याने लव्हॉनला पाहिलं, मान हलवली आणि म्हणाला, "तुला एक दिवस काही बसता आलं नाही?"

"गाडी सांभाळून चालव," लव्हॉन म्हणाली. "नदीवर धुकं असेल."

आत एक्केचाळीसातली चाळीस माणसं एकमेकांच्या अंगावर पडून रडत होती. त्यांच्याकडे कपड्यांचा जास्तीचा जोड नव्हता, दात घासायचे ब्रश नव्हते, झोपायला खोली नव्हती, आणि हे त्यांच्या लक्षात यायला अजून दहा मिनिटं होती. वेंडल बसच्या चालकाला शोधत धावत बाहेर आला, तेव्हा लव्हॉन तिकीटखिडकीपाशी उभी होती.

"उद्याचं एक द्या," ती म्हणत होती.

खिडकीतल्या मुलीने पडद्याकडे पाहिलं. "पाचव्या रांगेत कडेची आहे. चालेल? उठायला सोपी पडेल तुम्हाला."

"कडेची नको," लव्हॉन म्हणाली. "अगदी मधली द्या. दोन्ही बाजूंना चांगली जाडजूड माणसं असतील अशी."